हळदीत वाजलेली चाल

सोनेराव मडावीचा माणसांवर विश्वास नव्हता. त्याचा विश्वास एसीवर होता, तोही आवाज करणाऱ्या. दोह्यातल्या मुशैरिब भागात ऑफिसच्या दोन इमारतींचा गारवा तो अकरा वर्षं सांभाळत होता आणि त्यातून एवढंच शिकला होता, की खडखड करणारं मशीन बिचारं आपलं दुखणं सांगत असतं. गुपचूप चालणारं कधी दगा देईल त्याचा नेम नाही. माणसांनाही त्यानं हेच माप लावून टाकलं होतं. म्हणून झोपेतही बडबडणारा त्याचा रूममेट उमैर त्याला भावासारखा वाटायचा, आणि कार्यक्रमांना भाड्याच्या खुर्च्या पोचवणाऱ्या गाडीवरचा तो अबोल म्हातारा पहिल्याच दिवशी त्याच्या डोळ्यांत खुपला.

उमैर रत्नागिरीचा. सहा दिवस सूक वाकिफमध्ये मसाल्याच्या दुकानात वेलदोडे आणि केशर तोलायचा आणि सातव्या दिवशी, शुक्रवारी, गायचा. फरीज बिन ओमरानमधल्या त्यांच्या खोलीत पलंग चार आणि वाद्यं पाच होती. दोह्यातल्या कोकणी मंडळींच्या हळदी, साखरपुडे, पोरांचे वाढदिवस, जिथं बोलावणं येईल तिथं ही चौघांची पार्टी जायची. उमैर गाणार, सोनेराव बँजो वाजवणार. दोन गाण्यांच्या मधे उमैर पाणी प्यायला थांबला, की ती फट सोनेराव आपल्या एका चालीनं भरून काढी. त्या चालीत काय होतं कोण जाणे, बसलेली माणसं उठायची. पोरं नाचायची, बायका टाळ्या धरायच्या. चाल कुठली, असं कोणी विचारलं तर सोनेराव म्हणे, माझीच.

हे निम्मं खोटं होतं. चाल त्याच्या आज्याची होती. सोनेराव जातीनं प्रधान. म्हणजे यवतमाळ जिल्ह्यात, पांढरकवड्याच्या पुढच्या रानात, गोंडांच्या घराण्यांची वंशावळ आणि देवांच्या कथा गाऊन सांगणारे. घरात बोलायचं मराठी आणि गायचं गोंडीत, असा त्यांचा रिवाज. आजा तीन तारांची किंगरी घेऊन गोंडांच्या दारी जायचा आणि धान्य, कापड, कधीकधी बैलसुद्धा घेऊन परतायचा. गावातली पोरं त्यावरून ‘मागते, मागते’ म्हणून चिडवायची. सोनेरावच्या बापाला ते इतकं लागलं, की त्यानं तहसील कचेरीत शिपायाची नोकरी धरली, किंगरी माळ्यावर टाकली आणि जाहीर केलं, की दारोदार गाऊन आणणं माझ्यापाशी संपलं. माझा पोरगा कोणाचं फुकट घेणार नाही. बाप जाऊन सात वर्षं झाली होती, पण सोनेराव अजून कोणाचा चहा प्यायला तर दुसऱ्या दिवशी त्याला परत पाजायचा.

गोंडीतला एकही शब्द त्याला कळत नव्हता. लहानपणी आज्याशेजारी झोपताना जे कानांवर पडलं ते नुसते आवाज म्हणून पाठ होते, बाळाला बडबडगीत पाठ असतं तसे. ते त्यानं दोह्यात कधी तोंडावाटे काढले नव्हते. चाल तेवढी बोटांत उरली होती.

मजीदभाईंच्या मुलीच्या, अदीबाच्या हळदीला तो म्हातारा पहिल्यांदा दिसला. दुपारची वेळ, हॉल गच्च भरलेला, अजून खुर्च्या मागवलेल्या. उमैर पाण्याला थांबला आणि सोनेरावनं चाल धरली. चार खुर्च्या खांद्यावर घेऊन आत येणारा म्हातारा दारातच थबकला. त्यानं खुर्च्या खाली ठेवल्या, डोक्यावरची टोपी काढली आणि चाल संपेपर्यंत मान खाली घालून उभा राहिला. सगळा हॉल नाचत असताना एकटा माणूस असा उभा राहिला, तर तोच आधी दिसतो.

कार्यक्रम संपल्यावर तो बँजोपाशी आला. “ही चाल कोनापासून घेतली, भाऊ?”

“माझीच आहे,” सोनेराव म्हणाला.

म्हाताऱ्यानं ते ऐकून घेतलं, इकडंतिकडं पाहिलं आणि आवाज आणखी खाली आणला. “तुमचे देव किती?”

परक्या मुलखात, अनोळखी माणसानं, कुजबुजत देवांची संख्या विचारावी, याला काय म्हणायचं. सोनेरावला उत्तर ठाऊक होतं. आपण सात देवांचे, असं आजा सांगायचा. पण त्यानं माहीत नाही म्हणून सांगितलं आणि बँजोची पेटी बंद केली.

परतीच्या गाडीत उमैरनं तीन निदानं केली. एक तर हा चालीवर हक्क सांगून नोटीस पाठवणारा असेल. नाहीतर धर्माच्या भानगडीत अडकवणारा. नाहीतर कोणाचा तरी खबऱ्या. उमैरकडं संशयाचा साठा दुकानातल्या मसाल्यापेक्षा मोठा होता आणि तो उधारीवरही द्यायचा. सोनेरावनं तिन्ही घेतले.

पुढच्या आठवड्यात कोपऱ्यावरच्या बकाल्यातला, म्हणजे किराणा दुकानातला मलबारी म्हणाला, तुमच्या नावानं कोणीतरी दहा किलो तांदूळ ठेवून गेलंय. बासमती नाही, जाड तांदूळ, आपल्याकडं खातात तसला. ठेवणारा टोपीवाला म्हातारा होता; नाव, पत्ता, नंबर सगळं त्यानं मजीदभाईंकडून काढलं होतं. चार दिवसांनी त्याच दुकानात पांढऱ्या कापडाचा तुकडा आला, नीट घडी घातलेला, कोपऱ्याला हळदीचं बोट लावलेला. हळदीचा तो ठिपका पाहून उमैर दोन पावलं मागं सरला. ही करणी आहे, घरात ठेवू नको, असं त्यानं सांगितलं, आणि कापड खिडकीबाहेर एसीच्या खोक्यावर जाऊन बसलं.

मग अनोळखी नंबरावरून बकरीचा फोटो आला. काळी, कानावर पांढरा डाग असलेली, कुठल्याशा अंगणात खुंटीला बांधलेली. खाली लिहिलं होतं: ही तुमची.

“फोटो उघडलास?” उमैरनं विचारलं.

सोनेराव हो म्हणाला.

“खलास. आता फोन गेला तुझा.”

त्या दिवशी सोनेरावनं सगळे पासवर्ड बदलले आणि त्यातला एक स्वतःच विसरला.

याहून वाईट म्हणजे म्हातारा स्वतः दिसू लागला. कामावरून सुटताना मुशैरिबच्या मेट्रोच्या दाराशी तो उभा असे. जवळ येत नसे, हाक मारत नसे. नुसता बघे, जरा वेळ थांबे आणि निघून जाई. असं तीनदा झालं. भामटासुद्धा काहीतरी थाप मारतो, चार गोड शब्द बोलतो. हा काहीच मागत नव्हता, आणि त्यामुळेच सोनेरावची झोप उडाली होती. देणारा माणूस काही मागत नाही म्हणजे तो फार मोठं काहीतरी मागणार, हे त्याचं गणित होतं. बापाचे शब्द आठवून त्याला वाटलं, आपण दहा किलो तांदळात विकले जातोय.

शेवटी त्यानं बकरीच्या नंबरावर निरोप पाठवला: शुक्रवारी सकाळी मेट्रोपाशी भेटा. साक्षीदार म्हणून उमैरला बरोबर घेतलं. म्हातारा वेळेच्या आधी आला होता. दाढी केलेली, इस्त्रीचा पांढरा शर्ट, केसांना तेल. चेहरा तर असा उजळलेला, की सोनेरावचा संशय दुणावला. त्यानं तांदळाची पिशवी आणि कापड म्हाताऱ्याच्या पायांशी ठेवलं.

“काका, तुमचं तुमच्यापाशी ठेवा. मी कोणाचं घेत नाही. ती बकरीपण सोडून द्या.”

म्हाताऱ्यानं खाली बसून कापडाची घडी पुन्हा नीट केली. तो चिडला असता, भांडला असता, तर सोनेरावला बरं वाटलं असतं.

“बरं,” म्हातारा म्हणाला. “म्हंजे माय बाहेरच राह्यली.”

पिशवी खांद्यावर टाकून तो निघून गेला. उमैरनं जिंकल्यासारखा कडक चहा मागवला. सोनेरावला तो गोड लागेना. कोणाची माय आणि कशाच्या बाहेर, हे त्याच्या डोक्यात किडा होऊन बसलं.

दुपारी त्यानं पांढरकवड्याला आईला फोन लावला. बायडाबाईला त्यानं सगळी हकिगत सांगितली, जरा ऐटीतच, आपण कसे फसलो नाही म्हणून. आईनं विचारलं, त्या माणसाचं आडनाव काय. त्यानं नंबराखालचं नाव पहिल्यांदाच नीट वाचलं. जंगू मडावी.

“आपून बी मडावी,” आई म्हणाली. “पन आपून प्रधान, अन् ते गोंड. तो आपला दानी हाय, बाबू.”

दानी हा शब्द त्यानं लहानपणानंतर ऐकला नव्हता. आईनं तो उलगडून सांगितला. प्रत्येक गोंड घराण्याचा आपला प्रधान ठरलेला असतो, सात पिढ्यांपासून; ते घराणं म्हणजे त्या प्रधानाचा दानी, आणि देव किती यावरून घराणं ओळखायचं. गोंडाघरचं, प्रधानाघरचंसुद्धा, माणूस गेलं की त्याला देवांत मिळवायचं असतं, आणि ते प्रधानानं गायल्याशिवाय होत नाही. तोवर ते माणूस उंबऱ्याबाहेर उभं राहतं. एक वर्ष, दहा वर्षं, कितीही. त्या माणसाच्या घरी कोणीतरी बाहेर उभं होतं.

“मग त्यानं सरळ सांगायचं ना, की गा म्हणून,” सोनेराव म्हणाला.

“दानी तोंडानं मांगत नसते. दानी देते. मंग प्रधान आपल्या मनानं उठते अन् गाते. दिलेला बैल वाटेतच मेला तरी तुह्या आज्यानं त्याचा कासरा घरी आनला होता. वापस नाई केला. अन् तू वापस केलं.”

वापस करणं म्हणजे काय, हे तिला सांगावं लागलं नाही. तुम्ही आमचे कोणी नाही, असं त्यानं भर रस्त्यात, साक्षीदार ठेवून सांगितलं होतं. एवढ्यावर भागलं नाही. कोणती चाल ऐकून त्यानं ओळखलं, असं आईनं विचारलं. सोनेरावनं गुणगुणून दाखवली.

“अरे, ते तं मेल्या मानसाले उठवून वाटेले लावाची चाल हाय,” आई म्हणाली. “ते तू हळदीत वाजवते?”

सोनेराव पलंगावर बसला. हळदीतच नव्हे, साखरपुड्यात, बारशात. एका दोन वर्षांच्या पोराचा केक कापताना त्यानं ती दोनदा वाजवली होती, आणि लोकांनी पुन्हा वाजव म्हटलं म्हणून तिसऱ्यांदा. माणसं का उठायची, हे त्याला आता कळलं. हसावं की रडावं ते कळेना. आधी हसू आलं आणि मग त्याची त्याला इतकी लाज वाटली, की उमैर खोलीत आला तेव्हा त्यानं भिंतीकडं तोंड केलं.

जंगू फोन उचलेना. आठवडाभर सोनेराव लावत राहिला. पुढच्या शुक्रवारी बँजो घेऊन तो सनायाला निघाला, शहराबाहेर जिथं कामगारांचे कॅम्प आहेत तिथं. उमैर म्हणाला, हाच तर सापळा असणार, आधी रुसायचं आणि मग बोलावून घ्यायचं. सोनेराव म्हणाला, बोलावलंय कुठं? आणि एकटाच गेला.

जंगूच्या खोलीत आठ पलंग होते. त्यानं सोनेरावला बस म्हटलं नाही.

“आता काहून आला?”

संशयानं घर बदललं होतं. सोनेरावनं आज्याचं नाव सांगितलं, सोमा प्रधान. जंगूचा चेहरा हलला नाही. नाव काय, कोणीही कुठूनही काढतं, असं तो म्हणाला. आपल्या भावांनी सोमाच्या गावापर्यंत जाऊन विचारलं होतं, तेव्हा ते लोक आता गात नाहीत, त्यांना त्याची लाज वाटते, असंच उत्तर मिळालं होतं. मग आताच कसा गाणारा उगवला? कापड फेकणारा आठ दिवसांत प्रधान कसा होतो? सोनेराव हे सगळं उभ्यानं ऐकत होता. एकही शब्द चुकीचा नव्हता. त्यानं पेटी उघडली आणि खाली फरशीवर बसून चाल धरली.

दर घराण्याच्या चालीत एक वळण वेगळं असतं. ते वळण आलं तसा जंगू पलंगावरून उतरला आणि समोर फरशीवर बसला. आई चैत्रात गेली, असं तो म्हणाला. त्याला रजा मिळाली नव्हती, माती देतानाचा चेहरा त्यानं फोनवर पाहिला होता. आणि मग हजारो मैलांवर, कोणाच्यातरी हळदीत, खुर्च्या वाहताना आपल्याच घरचा प्रधान वाजवताना ऐकू आला. त्याला वाटलं, मायनंच धाडला.

सोनेराव म्हणाला की तो गाईल, पण तांदूळ-कापड राहू द्या, ते नको.

“मंग ते गानं नाई,” जंगू म्हणाला. “पोरोग्राम झाला.”

पिशवी पलंगाखालीच होती. सोनेराव तिच्याकडं बघत राहिला. बाप समोर असता तर काय म्हणाला असता, हे त्याला शब्दाशब्दानं माहीत होतं. त्यानं दोन्ही हात पुढं केले आणि तांदूळ घेतले, कापड घेतलं.

जंगूनं गावी फोन लावला. त्याच्या भावानं अंगणात बाजेवर फोन ठेवला, माणसं भोवती बसली. सोनेरावनं डोळे मिटले आणि जे आवाज कधी कोणापुढं काढले नव्हते ते काढले. सुरुवातीला गळा लागेना. मग लागला. दोन ओळी झाल्या की जंगू हळूच सांगे, कारण त्याची गोंडी जिवंत होती. आता उठ म्हणते. आता चुलीले हात जोड म्हणते. आता नातवाईकडं वळून पाहू नको म्हणते. चाळीस वर्षं पोटात नुसते आवाज होते, त्यांना एकेक करून डोळे फुटत होते, आणि सोनेरावला भीती वाटत होती आणि सुख होत होतं, दोन्ही एकदम.

म्हातारी उठली, अंगण ओलांडून गेली, शिवेवर पाणी प्यायली. गाणं नदीपाशी आलं आणि सोनेराव थांबला.

पुढचं त्याला येत नव्हतं. नदी आली की लहानपणी त्याला झोप लागायची. रोज, तिथंच. नदीच्या पलीकडं काय आहे ते त्यानं कधी ऐकलंच नव्हतं.

फोनवर कुजबुज सुरू झाली. हा प्रधान खरा हाय का, असं कोणीतरी स्पष्ट विचारलं. जंगूच्या डोळ्यांत पुन्हा तोच संशय आला. उंबऱ्यापाशी होती ती निदान घरापाशी होती; आता सोनेरावनं तिला उठवून, वाटेला लावून, काठावर सोडून दिलं होतं. इतकं वाईट त्याच्या हातून आयुष्यात काही झालं नव्हतं.

त्यानं त्याच कॉलवर आईला घेतलं. बायडाबाई आधी नाहीच म्हणाली. बायकांनी हे गाणं गायचं नसतं. मग तिनं विचारलं, कुठवर आलं. नदीपर्यंत, सोनेराव म्हणाला.

“तू झोपला की मी जागीच राह्यची,” ती म्हणाली. “मी गात नाई. मी सांगतो, तू गा.”

ती एकेक ओळ सांगत गेली, भाकरी-भाजीचं सांगावं तशा साध्या आवाजात, आणि तो ती चालीवर चढवत गेला. जंगू आता अर्थ सांगायचा विसरला होता. पिढ्यांची नावं यायची तिथं तो ती पुरवत होता, आज्याचं, पणज्याचं, त्याच्याही बापाचं. नदी ओलांडली. पलीकडं सात देव बसले होते, त्यांनी म्हातारीला जागा करून दिली. फोनवर बायकांचा रडण्याचा आवाज आला, मग हळूहळू ओसरला, आणि भाऊ म्हणाला, “मिळाली.” जंगूनं फरशीवर डोकं टेकलं. भावाकडून कॉल कट झाला.

आई अजून लाइनवर होती.

“सोन्या, ठेवू नको,” ती म्हणाली. “वाट उघडली हाय तं बापालेबी घे.”

“माझ्यासाठी गाऊ नका, असं बाबांनीच म्हटलं होतं, माय.”

“त्यानं नको म्हटलं होतं. मले कोनी इचारलं?”

सात वर्षं ती रोज कोणाला बाहेर उभं असलेलं बघत होती, हे त्यानं कधी विचारलं नव्हतं. जंगूनं नळावरून पाण्याचा ग्लास आणून समोर ठेवला आणि बापाचं नाव काय, म्हणून विचारलं. सोनेरावनं सांगितलं.

मग त्यानं बँजो पुन्हा मांडीवर घेतला आणि पहिल्या ओळीत बापाचं नाव घातलं. त्या ओळीचा अर्थ आता त्याला कळत होता, त्यामुळे ती म्हणायला त्याला फार वेळ लागला.